न प्यायलेला घोट

मी पेला बोलतोय. पितळेचा, वीतभर उंच, खाली बैठक असलेला. अंगावर ना नक्षी, ना कोणाचं नाव. भिवंडीच्या बाजारात तांब्या-लोट्यांच्या रांगेत उभा होतो, तेव्हा कोणीतरी सरबत प्यायला घेऊन जाईल एवढीच माझी अपेक्षा होती. पुढे जे झालं ते सांगताना आजही मला चोरट्यासारखं होतं. तरी सांगतो, कारण गप्प राहून मी एका बाईचं फार नुकसान केलं आहे.

शहात्तर साली मला विकत घेतलं ते ख्रिस्ती मंडळीच्या लोकांनी. मंडळी म्हणजे चाळीसेक माणसं. त्यांचं देऊळ म्हणजे एका गोदामावरची लांबट खोली, आणि चहूबाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. तो रविवारीही थांबत नसे. पाळकसाहेब घसा ताणून उपदेश करत आणि मागच्या रांगेतली माणसं मान डोलवत. त्यांना किती ऐकू येत होतं ते देवच जाणे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि माझ्यातला एक घोट. द्राक्षारस कुठून आणणार? काळ्या मनुका पाण्यात उकळून, गाळून, थंड करून तेच माझ्यात ओतत. पाळकसाहेब मला एकेकाच्या ओठाला लावत, फडक्यानं काठ पुसत, थोडं फिरवून पुढच्याला देत. त्यामुळे माणसं मी ओठांवरून ओळखायला शिकलो. कोणाचे ओठ सुताच्या धुळीनं फुटलेले, कोणाच्या मिशा आधी आत बुडायच्या. कोणी चहा प्यावा तसा मोठा घोट घेई आणि मग ओशाळून खाली बघे.

मनुका उकळण्याचं आणि मला घासण्याचं काम सोमीकडे होतं.

सोमी अकलोलीच्या पलीकडच्या एका वारली पाड्यावरची. लग्न होऊन भिवंडीत आली आणि एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. नवरा दामू लूमवर होता. पगार झाला की तो दारूच्या गुत्त्यावर, आणि ही त्याला शोधत गल्लीबोळात. दारूनंच तो गेला. त्या दिवसांत मंडळीतली कलावती नर्स तिच्या खोलीवर यायची, तिच्याजवळ बसून प्रार्थना करायची, भात शिजवून ठेवून जायची. वर्षभरानं सोमीनं बाप्तिस्मा घेतला. सगळ्यांसमोर तिनं दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. जुन्या देवांचं काही करणार नाही, आणि दारूच्या भांड्याला हात लावणार नाही. दुसरी गोष्ट बोलताना तिचा आवाज फार मोठा निघाला होता.

आई बायडी पाड्यावरच होती. मुलीनं देव बदलला म्हणून तिनं भांडण केलं नाही, पण मुलीच्या खोलीवर कधी पाऊलही टाकलं नाही. सोमी सणाला जायची, तर प्रसादाच्या वेळी अंगणात जाऊन उभी राहायची. माय-लेकी एकमेकींना जेवायला वाढायच्या आणि हा विषय सोडून सगळं बोलायच्या. हे मला कसं ठाऊक? सोमी मला घासताना पुटपुटत प्रार्थना करायची. माझ्याइतकं तिचं कोणी ऐकलं नसेल.

पंच्याऐंशी सालच्या मार्चमधला तो शनिवार. माझी कल्हई उडाली होती. पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाआधी सोमी मला कल्हईवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं मला निखाऱ्यावर तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं. मी आतून चांदीसारखा झालो. मला फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकून ती निघाली, तर रस्त्यातच तिचा भाऊ जानू भेटला. तो तिलाच शोधत होता.

"आयेचा काय भरवसा न्हाय," तो म्हणाला. "तुजं नाव घेतं."

ती तशीच त्याच्याबरोबर वज्रेश्वरीच्या बसमध्ये चढली. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत. तिच्या लक्षातही नव्हतं.

दुपार होती. बायडी झोपडीच्या दाराशी गोधडीवर पडली होती, उजेडासाठी तिला तिथं आणलं होतं. तिनं मुलीकडे पाहिलं आणि ताडी मागितली. त्या पाड्यावरची रीत अशी, की जाणाऱ्या माणसाला पोटच्या पोरानं आपल्या हातानं ताडीचा घोट पाजायचा, आणि त्याआधी पहिली धार भुईवर सोडायची, आधी गेलेल्या घरच्या माणसांच्या नावानं. जानू ताडी घेऊन आला आणि मडकं बहिणीसमोर ठेवून बाजूला झाला. आईनं तिचंच नाव घेतलं होतं.

सोमी म्हणाली, पाणी देते. आईनं मान हलवली. सोमी म्हणाली, जानू देईल. आईनं डोळे मिटले. मग सोमी रडायला लागली आणि डोळे पुसायला फडकं शोधताना तिनं पिशवीत हात घातला. फडक्याबरोबर मी बाहेर आलो.

बायडीनं डोळे उघडले होते. तिनं विचारलं, हे काय. सोमीनं सांगितलं, आमच्या देवाच्या घरचा पेला.

म्हातारीनं माझ्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्याच्यातच दे. तुजा देवबी बघल, माजा बी बघल. आपन दोघी तरी एका भांड्यात."

सोमीनं मला मडक्याशी धरलं. ताडी माझ्यात पडली. तिनं पहिली धार भुईवर सोडली, बापाचं नाव घेतलं, आणि मग मला आईच्या ओठाला लावलं. बायडीनं दोन घोट घेतले. सावल्या लांबल्या तेव्हा ती गेली.

मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे मी कबूल करतो. मी भांडं आहे. कोणी तहानेनं ओठ लावले, मी दिलं.

पण सोमी रात्रीच आईला मातीआड करून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं भिवंडीला आली. उपासना दहाला होती. तिनं मला राखेनं घासलं, मग लिंबानं, मग परत राखेनं. कालची कल्हई निघेल की काय अशी मला भीती वाटली. मग तिनं मनुका उकळल्या आणि मला नेहमीच्या जागी टेबलावर ठेवलं. ती सांगेल असं मला वाटलं होतं. ती पाळकसाहेबांच्या दारापर्यंत गेलीही. तिथं पंच केसरीनाथ बसले होते. ती परत फिरली.

केसरीनाथ हे शेलार गावचे, लूमच्या खात्यात मुकादम. मंडळीची शिस्त त्यांच्याकडे. कोणी जत्रेत दिसला, कोणी घरी सत्यनारायणाला बसला, की केसरीनाथ त्याला प्रभुभोजनातून सहा महिने बाजूला बसवत. ते हसताना कोणी पाहिले नव्हते. सोमीच्या मनात आलं असेल, सहा महिने काय, आपल्याला जन्मभर दारात उभं करतील. आणि या लोकांशिवाय तिचं भिवंडीत होतं कोण?

त्या रविवारी मला तिच्या ओठाला लावलं, आणि ओठ उघडले नाहीत.

बाहेरून कोणाला कळणार? पाळकसाहेबांनी मला तिरपं केलं, तिनं मान मागे केली, काठ ओला झाला, मी पुढे गेलो. पण मला कळलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिला वाटत होतं, प्यायलं तर देवाला फसवलं, आणि नाही घेतलं तर माणसं विचारतील. म्हणून तिनं हा मधला मार्ग काढला आणि आठ वर्षं त्यावरून चालली. मला घासताना प्रार्थना पुटपुटणंही तिनं सोडून दिलं. गप्प बसून घासायची. कधी बोललीच तर एवढंच, "आये, मी काय केलं गं." तिला आईला पाजल्याचा पश्चात्ताप होत होता, आणि तो होतोय याचाही होत होता. दोन्हीकडून ती आईची गुन्हेगार ठरत होती.

त्र्याण्णव साली कलावती नर्सनं पंचांना समजावलं, की लूमच्या धुळीत राहणारी आपली माणसं, निम्म्यांना खोकला, दोघांना क्षय. एकाच पेल्यातून पाजणं बरं नाही. मुंबईच्या एका मंडळीनं काचेचे छोटे पेले भेट दिले, औषधाच्या मापाएवढे, लाकडी ट्रेसकट. मला मागच्या खोलीत, मोरीवरच्या फळीवर ठेवलं. तिथून अर्धवट उघड्या दारातून मला सभा दिसत असे.

आता लबाडी चालणार नव्हती. ज्याचा त्याचा पेला, ज्याच्या त्याच्या हातात. न पिणाऱ्याचा भरलेला दिसणार. सोमीला हे आदल्या दिवसापासून माहीत होतं, मनुका तिनंच उकळल्या होत्या. तरी त्या रविवारी तिनं तो पेला ओठाला लावला आणि तसाच, हाताच्या आडोशानं, ट्रेच्या कोपऱ्यात ठेवला. ट्रे धुवायला तीच नेणार होती. मोरीत ओतून दिला की झालं.

ती ट्रे घेऊन मागे आली. बाहेर शेवटचं गीत चाललं होतं. तिनं आपला पेला उचलला आणि थांबली. मधल्या ओळीत एक भरलेला होता. पलीकडे आणखी एक. आणि कडेला एक. ती पुन्हा मोजायला लागली. चार.

तिला नवल वाटलं. मला नाही वाटलं. मला ठाऊक होतं. त्या आठ वर्षांत बंद ओठ काही तिचे एकटीचेच नव्हते. एकेक करत तिच्या आधी किंवा नंतर दुसरेही कोणी माझ्या काठाशी ओठ मिटून थांबत होते, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन तिच्यासारखीच मान खाली घालत होते.

मोरी समोरच होती. ते चारही ओतून टाकले असते तर कोणाला कळलं नसतं. मग तिनं हात वर करून मला फळीवरून काढलं, पदरानं धूळ पुसली आणि चारही पेले माझ्यात रिकामे केले. गीत संपत होतं. ती मला घेऊन पुढे गेली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"चार पेले भरलेले आले," ती म्हणाली. "त्यातला एक माजा हाय. आठ वर्सं मी प्याली न्हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. ताडी, भुईवरची धार, बापाचं नाव, आई काय म्हणाली ते. मला धुऊन परत ठेवलं आणि सगळ्यांना माझ्यातूनच पाजलं, हेही. बायकांच्या बाजूला कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. म्हातारी ठकुबाई उठून दाराकडे निघाली आणि दारातच उभी राहिली. पाळकसाहेब नवे आणि तरुण होते, त्यांनी केसरीनाथांकडे पाहिलं. शिस्तीचं काम पंचांचं.

केसरीनाथ उठले. सोमीनं खांदे आवळून घेतले. ते टेबलापाशी आले, माझ्याकडे पाहिलं, आणि कोणाकडेच न बघता बोलले.

"दुसरा माजा हाय."

खडखडाटात ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना परत सांगावं लागलं. त्यांचा धाकटा भाऊ चिंधू सहा वर्षांपूर्वी शेलारला वारला. तिथं भटजी असणार, विधी असणार, म्हणून केसरीनाथ खांदा द्यायला गेले नाहीत. घरात बसून पवित्र शास्त्र वाचत राहिले. "त्यानं दोनदा माणूस धाडला व्हता," ते म्हणाले. "पानी पाजाया पन मी गेलो न्हाय. आन तुमाला सगल्यांना मी बाजूला बसवत व्हतो."

बाकीच्या दोघांतलं कोणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी मला सोमीच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, की आता प्या.

केसरीनाथांनी मला उचललं आणि ओठाशी नेलं. ते ओठ मी चांगले ओळखत होतो. ते अजून मिटलेलेच होते. "मी आधी चिंधूच्या बायकोकडं जाऊन येतो," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी मला सोमीच्या हातात दिलं.

सोमी प्याली. तिचे दात माझ्या काठावर वाजले. चौघांचे घोट ती एकटी प्याली, मध्ये थांबून, रडत, आणि तळाशी काही ठेवलं नाही.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मी फळीवर आहे. कल्हई पुन्हा उडाली आहे, त्यामुळे कोणी मला वापरू शकत नाही आणि वापरूही नये. केसरीनाथ तीन महिन्यांनी छोट्या पेल्यातून प्याले. सोमी पुन्हा पुटपुटते, पण तिच्या प्रार्थनेत आता आईचं नाव असतं. काही जण अजून तिच्या हातच्या मनुका नको म्हणतात. तिनं ते आणि ट्रे धुण्याचं काम ठकुबाईकडे दिलं आहे, आणि ठकुबाई पाणी जास्त घालते.

उरलेले दोघे कोण, ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही. पण ट्रे धुवायला येतो तेव्हा त्यात अजून एक पेला भरलेला असतो, आणि ठकुबाई डोळ्यांनी अधू आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही रांगेत उभे असाल आणि ओठ मिटलेले असतील, तर शेजारच्याकडे एकदा बघा. तेवढं जमलं तर माझं हे बोलणं वाया गेलं नाही. सोमीला मात्र मी काही सांगू शकलो नाही. आठ वर्षं दर महिन्याला ती माझ्या काठाशी येत होती, तिच्यासारखे आणखीही आहेत हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तिला एकटीला परत जाऊ दिलं.