दोनशे सतरा ग्रॅम

मी तराजू बोलतोय. पितळी पारड्यांचा, लोखंडी दांडीचा. या, बसा. आधीच सांगून ठेवतो, मी खोटं तोललं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

पंचवीस वर्षं या दुकानात टांगलेला आहे. गिऱ्हाइकांची गंमत बघा, पारडं त्यांच्या बाजूला झुकलं की काटा सोन्यासारखा, नाही झुकलं की काटा बिघडलेला!

शेठ धुण्याच्या सोड्याच्या अर्ध्या किलोच्या कागदी पुड्या आधीच बांधून पत्र्याखालच्या तापलेल्या फळीवर ठेवायचे. महिना महिना पडून राहायच्या. एका उन्हाळ्यात लाँड्रीवाल्या मावशींनी नेलेली पुडी न फोडताच परत आणून आपटली.

"शेठ, हा अर्धा किलो? हाताला सुद्धा कळतंय!"

शेठनी तोललं. दोनशे सतरा ग्रॅम.

"वीस वर्षांची ओळख, आणि वजनात मारता?"

शेठचा चेहरा उतरला. "शप्पथ, मावशी, काटाच गेलाय. उद्या भंगारात घालतो."

भंगार? मी?

गल्ल्यामागे शेठची सून रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती. लग्नाआधी राहिलेली परीक्षा; मोलच्या गणितात दोनदा आपटलेली. ती उठली. "बाबा, थांबा." पुडी फोडली. "तुम्ही खडे बांधले होते ना? ही तर पूड झालीय. खड्यात पाणी दडलेलं असतं, ते उडालं."

"म्हणून एवढं घटतं?"

"मोल म्हणजे डझनासारखी मोजणी, बाबा, फक्त आकडा अफाट. एक मोल खडे २८६ ग्रॅम भरतात. त्यात सोडा १०६, बाकी दहा मोल पाणी, प्रत्येक अठरा ग्रॅमचा. अर्धा किलो म्हणजे जवळपास पावणेदोन मोल. पाणी गेलं तरी सोड्याचे मोल तेवढेच. पावणेदोन गुणिले १०६... साधारण १८५ भरायला हवेत."

"पण भरले २१७. बघ, काटाच चुकतोय!"

तिनं पूड डाव्या पारड्यातून उजव्यात घातली, वजनं डाव्यात; दांडीत खोट असती तर आकडा बदलला असता. २१७. पुन्हा डाव्यात. २१७. मी तसूभर हललो नाही. दहादा तोल, पोरी, मी बधणार नाही!

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्याच आकड्यावर काट मारली. "चूक माझी असेल." २१७ ला पावणेदोननं भागलं. एका मोलला १२४. त्यातून १०६ गेले, उरले १८.

"अठरा! म्हणजे सोड्याच्या दर मोलमागे दहातलं एक मोल पाणी अजून चिकटून आहे. नऊ उडाले! काटा बरोबर आहे, बाबा!"

"म्हणजे सोडा कमी नाही?" मावशींनी विचारलं.

"सोडा तेवढाच. फक्त पाणी गेलं."

"मग पाणी मी घरचं घालीन, शेठ. पण पुढच्या वेळी खडेच द्या!"

आता सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात असतो. सून तिसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि मोलचं एकही गणित सोडलं नाही. गल्ल्यावर विजेचा काटा आलाय. येऊ द्या खुशाल. पण मला भंगारात घालायचं असेल, तर आधी खोटं ठरवा. दोन्ही पारडी मोकळी आहेत. या, तोलून बघा.