रिकाम्या खोलीतला गळा

खिजरच्या 'पल्याड' या अल्बमवरून पुण्या-मुंबईच्या समीक्षकांत जुंपली होती, आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी बसून तो दोन्ही बाजूंचं लिखाण सारख्याच परकेपणानं वाचत होता. एकानं अल्बमला मोठं धाडस म्हटलं, दुसऱ्यानं शुद्ध फसवणूक. पन्हाळ्याचा वारा, राधानगरीच्या धरणाचा घुमारा, तालमीच्या हौद्यातले शड्डू, एवढंच त्यात होतं. आणि शेवटी कितीतरी वेळ नुसती एका रिकाम्या खोलीची शांतता. त्याची बायको मदिहा जिथं कपडे शिवताना गुणगुणायची, ती खोली.

मदिहा जाऊन दोन वर्षं झाली होती. जगाचे आवाज टिपत फिरणाऱ्या खिजरजवळ तिचा आवाज तेवढा नव्हता. माईक पुढं केला की ती हसून तोंड फिरवायची. "माझा कशाला? मी हाय की इथंच," म्हणायची.

कोल्हापुरातल्या पहिल्या कार्यक्रमात, तो शेवटचा भाग सुरू झाल्यावर अर्धं सभागृह चिडून उठलं.

"पावणं, गाणं कवा सुरू करताय?" कुणीतरी ओरडलं.

उरलेली माणसं मात्र डोळे मिटून बसली होती, ती दिवे लागले तरी हलेनात. नंतर गडहिंग्लजचे भरमाप्पा नावाचे एक म्हातारे व्यापारी त्याच्याजवळ आले.

"बाईचा गळा लई गोड हाय. कोण वो ती?"

"कुठली बाई?"

"शेवटाला गाती ती की!" म्हणत त्यांनी चाल गुणगुणून दाखवली. मदिहाचीच चाल होती ती, शेवटचा सूर तिच्यासारखाच अर्ध्यावर सोडलेला.

पुढं असे बरेच भेटले. काहींना ती ऐकू यायची, काहींना नुसती शांतता. सगळं भांडण खरं तर तिथंच होतं. खिजर शांततावाल्यांतला. ज्यांनी मदिहाला कधी पाहिलं नव्हतं, त्या परक्या माणसांचा त्याला हेवा वाटू लागला. त्यानं बाहेर जाणं सोडलं, आणि तिच्या खोलीत स्पीकर लावून तोच शेवटचा भाग पुन्हा पुन्हा ऐकत राहिला.

एका दुपारी ती आली. आधी श्वास, मग सूर, इतका जवळ की त्याच्या मानेवर शहारा उठला. त्यानं घाबरत स्पीकर बंद केला, तरी ती गातच होती. तो रडला, हसला, आणि तिच्यामागोमाग हळूच गुणगुणू लागला.

तेवढ्यात त्याची बहीण मुबशिरा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. तिची नजर खोलीभर फिरली, त्याच्यावरूनही फिरली, कुठं थांबली नाही, जणू खोली रिकामीच होती.

"मुबशिरा, ऐकू येतंय न्हवं?" त्यानं आनंदानं विचारलं.

ती दचकली. मग सावकाश पुढं येऊन गुडघ्यांवर बसली, आणि बंद स्पीकरच्या जाळीला कान लावून म्हणाली,

"येतंय की, भाई. पण तू कुठनं बोलतोयस?"