तीन वेळा बदललेले शॉकअप

मित्रांनो, मी एक जुनी, उंच, सात माणसांची गाडी आहे. खुलताबादला राजेंद्र सरांच्या दारात उभी असते. जुन्या गाडीने गोड बोलून आपली कहाणी सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. आज मला ते जमणार नाही. मी चिडलेली आहे, आणि चिडायला मला कारण आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी माणसांसाठी बनवलेली होते. पण माझे पहिले मालक सोयगावचे सर्जेराव. त्यांनी मागच्या सीटा काढून माझ्यात मक्याची पोती भरली. ओझ्याने मागची बाजू खाली बसू लागली, म्हणून दोन्हीकडच्या कमानपाट्यांत, म्हणजे वजन तोलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगांत, एकेक जाडजूड पाटा वाढवून घेतला. आठ वर्षे मी ओझे वाहिले. "गाडी नाय, बैल हाये," असे सर्जेराव चारचौघांत सांगत, आणि खरे सांगते, मला ते आवडायचे. पुढे त्यांनी टेम्पो घेतला, माझ्या सीटा परत बसवल्या आणि मला राजेंद्र सरांना विकून टाकले. वाढवलेले पाटे काढायचे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

गेल्या साली सरांच्या आई, गीताबाई, ओट्यावरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी शहरात आणा, नाहीतर पाय आखडेल, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले. पाय लांब ठेवावा लागे, म्हणून त्या मधल्या सीटवर आडव्या बसत. घाटात प्रत्येक खड्ड्याला त्या कळवळत. माझे शॉकअप, म्हणजे धक्के पोटात घेणाऱ्या नळ्या, पार गेलेले होते. हे मी नाकारत नाही.

सर शहरात काकासाहेबांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. गाडी कोणती, किती जुनी, हे काकासाहेबांनी विचारले. तिच्यात बसते कोण, हे विचारले नाही. सरांनी सर्वांत मजबूत शॉकअप मागितले आणि त्यांनी ओझ्याच्या गाड्यांना घालतात ते काढून दिले. सरांना चहा कडक लागतो, वर्गात शिस्त कडक लागते, मग शॉकअपही कडकच हवेत. आधीच वाढवलेले पाटे, त्यात हे. मी अगदी शाळेतल्या लाकडी बाकासारखी झाले.

सर पुढे, चालवायला बसत. गाडी रस्ता कशी घट्ट धरते, म्हणून ते खूश होते. मागून कण्हणे ऐकू आले की म्हणत, नवीन आहेत, जरा रुळू दे. ते काही रुळले नाहीत. मग सरांनी त्याहून महागाचे, गॅसचे घातले. ते आणखी कडक निघाले. मग कोणीतरी सांगितले म्हणून चाकांत हवा वाढवली. मी पाट्यांनी करकर करून सांगत होते, अहो, चुकताय. तर त्यांनी पाट्यांना ग्रीस लावून माझे तोंडच बंद केले.

एके सकाळी गीताबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या, माझ्याकडे पाहिले आणि मागे फिरल्या.

"राजेंद्रा, मी नाय येत. पाय बरा होऊ दे का राहू दे, पर त्या गाडीत मला घालू नको."

सरांनी समजावले, मग रागावले, नाटके करतेस म्हणाले आणि शाळेत निघून गेले. चार महिने माझे मधले दार उघडले नाही.

शेवटी सूनबाई करुणा हट्टाला पेटल्या आणि सरांना घेऊन वेरूळच्या रस्त्यावर सांडू मिस्त्रीकडे आल्या. सांडूची एक रीत आहे. तो आधी हत्याराला हात लावत नाही.

"जय भीम, सर. गाडीत बसतं कोण?"

आई बसते, असे सर म्हणाले.

"मंग चावी माझ्याकडं द्या, आन् तुम्ही आई बसत्यात तिथं बसा. बसत्यात तसंच, पाय लांब करून."

सांडूने मला घाटात नेले. पहिल्याच खड्ड्याला सरांचे डोके काचेवर आपटले. दुसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली. परत आल्यावर ते बराच वेळ उतरलेच नाहीत.

"सांडू," ते हळूच म्हणाले, "आई खरं सांगत होती. मीच तिला नाय नाय ते बोललो."

सांडूने वाढवलेले पाटे काढले, पाट्यांच्या टोकांना असणारे झिजलेले रबरी बुश बदलले, चाकांतली जादा हवा सोडली आणि मी कारखान्यातून आले तेव्हा होते तसले साधे, मऊ, तेलाचे शॉकअप बसवले. एका दिवसाचे काम. याच्यासाठी चार महिने गेले, या विचाराने आजही माझे इंजिन तापते.

आता गीताबाई पुन्हा माझ्यात बसतात. परवा घाटात त्यांना डुलकी लागली, तेव्हा करुणाबाईंनी खुणेनेच सरांना रेडिओ बंद करायला लावला. मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण शहरात डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि तो आता पुरता वाकणार नाही, असे सांगितले. व्यायाम मधेच तुटला त्याचा हा परिणाम. येताना सरांनी मला प्रत्येक खड्ड्यापाशी जवळजवळ थांबवले; खरे तर मऊ शॉकअपमुळे गीताबाईंना आता त्याची गरज नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर तिची निगा राखा, झिजलेले भाग वेळेवर बदला. पण दुकानात जाण्याआधी एकदा मागच्या सीटवर बसून या. आणि तिथे रोज बसणारे माणूस दुखते म्हणाले, तर त्याच दिवशी ते खरे माना.