करकोचे लवकर गेले ते वर्ष

जर्मनीत मोझेल नदीच्या काठावर मूल जन्मलं की लोक त्याचं वजन नंतर विचारतात, आधी साल विचारतात. राइमुंड जन्मला एकाहत्तरला. त्या साली ऊन असं पडलं, की म्हातारी माणसं अजून त्या वाइनचं नाव घेताना टोपी काढतात. गुंडेल आली पुढच्या वर्षी. सगळा उन्हाळा पावसात गेला आणि वाइन अशी आंबट झाली, की घोट घेतला की दात आंबायचे. बाप आलोइस थेसेन आल्यागेल्याला सांगायचा, थोरला उन्हातला, धाकटी पावसातली. लोक हसायचे. गुंडेलही हसायची, करते काय!

पण उन्हातला थोरला फ्रँकफुर्टला विम्याच्या कचेरीत जाऊन बसला आणि पावसातली धाकटी वीस वर्षं डोंगराला चिकटून राहिली. थेसेनांचा द्राक्षमळा म्हणजे पाटीच्या दगडाचा नुसता कडा. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. माणूस चढतो, तोही कधीकधी हातपाय टेकून. छाटणी, बांधणी, फवारणी, तोडणी, सगळं तिच्याच अंगावर. बदल्यात तिला एकच गोष्ट हवी होती. तो उतार तिच्या नावावर व्हायला हवा होता. बाप दर वर्षी म्हणे, एक चांगलं साल काढून दाखव, मग बघू.

आता साल काय माणूस काढतो? इथे द्राक्ष पिकतं ते ऑक्टोबरच्या उरल्यासुरल्या उन्हावर, आणि नेमकं तेव्हाच नदीवरून धुकं चढतं, पाऊस लागतो, घडात बुरशी शिरते. थांबलं तर गोडी येईल, नाहीतर सगळंच कुजेल. वीस वर्षांत चांगली सालं आली नाहीत असं नाही. ती आली की बाप म्हणायचा, यंदा उन्हाने हात दिला. वाईट साल आलं की म्हणायचा, गुंडेलने घाई केली. एकदा तो स्वतः हट्टाने थांबला आणि आठवडाभराच्या पावसात निम्मा मळा कुजला. तेव्हा मात्र म्हणाला, सालच वाईट होतं. आणि गावानेही माना डोलावल्या, मेल्यांनी.

त्या वर्षी ऑक्टोबर लागतो न लागतो तोच आलोइस तळघराच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून ट्रीअरच्या इस्पितळात जाऊन पडला. तिथून रोज फोन, थांब, अजून थांब. गुंडेल थांबली. मग एका दुपारी डोक्यावर ओरडा ऐकू आला. करकोच्यांची लांबच लांब रांग दक्षिणेला निघाली होती, नेहमीपेक्षा कितीतरी आधी. करकोचे गेले की आठवड्यात तोडायचं, मागून थंडी-पाऊस येतो, हे बापानेच तिला खांद्यावर बसवून शिकवलं होतं. खालच्या ओळींत बुरशी तर दिसायलाच लागली होती. तिने फोन करून सगळं सांगितलं. बाप म्हणाला, बघ बाई, तुझं तू ठरव.

तिने तोडायचं ठरवलं. शेजारच्या मळ्यातली विधवा आपोलोनिया आणि तिचे दोन मुलगे मदतीला आले, आणि पाठी मोडेस्तोवर तोडून सगळा माल घरात आणला. शेवटची पाटी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पुढे महिनाअखेरपर्यंत असं सोनेरी ऊन राहिलं, की थांबलेल्या सगळ्यांच्या द्राक्षांचा मध झाला. गुंडेलच्या पिंपात तेवढा आंबट रस खळखळत होता. पाववाल्याच्या दुकानात, त्या थांबलेल्यांपैकीच एक असलेल्या हेरिबेर्टने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "गुंडेल, तुझं ऊन चुकून आमच्याकडे आलंय, परत पाठवू का?" ती पाव घेऊन घरी आली. रडली नाही, पण तो पाव तिने तसाच कपाटात ठेवून दिला.

नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला बदक भाजलं. राइमुंड फ्रँकफुर्टहून आला. बाप कुबडी भिंतीला टेकवून बसला, नव्या वाइनचा एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, की त्याने वकिलाला बोलावलंय, उतार राइमुंडच्या नावावर करायचाय. राइमुंड ताटात बघत बदक कापत राहिला.

"बाबा, करकोच्यांचं तुम्हीच शिकवलंत," गुंडेल म्हणाली.

"शिकवलं. पण शिकवलेलं कधी मोडायचं, ते ज्याचं त्याला कळावं लागतं."

"आणि पाऊस आला असता तर?"

"तर म्हटलं असतं, पोरीचं नशीब चांगलं."

"आणि उतार?"

म्हाताऱ्याने पेला उगाच फिरवला. "उतार राइमुंडचाच. ते काय आज ठरलंय?"

गुंडेलच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं ती आभाळाचं तोंड बघत होती, आणि आभाळाला इथे कुणी विचारलंच नव्हतं. राइमुंड घाईघाईने म्हणाला, "अगं, नावाचं काय एवढं? मळा तर तूच बघणार. जानेवारीत छाटणी..."

"जानेवारीत छाटणी," ती म्हणाली. "शिकून घे. बाबा खुर्चीतून सांगतील."

तिने कोट चढवला आणि आपोलोनियाच्या दारात जाऊन विचारलं, कामाला ठेवतेस का? आपोलोनियाने लगेच तिला खोली दाखवली.

जानेवारीत आपोलोनियाच्या उतारावर छाटणी करताना शेजारी थेसेनांचे वेल दिसायचे. कुणी हात न लावलेले, गेल्या वर्षीच्या फांद्यांचं जंजाळ झालेले. एकेक वेल तिने हाताने बांधलेला. ते बघून दोनदा तर ती कात्री घेऊन बांधापर्यंत जाऊन परत फिरली. मग एका सकाळी खाली रस्त्यावर म्हातारा कुबडी टेकत आला, मान वर करून त्याने हाक मारली, "गुंडेल! अगं पोरी, वेलांनी काय केलंय तुझं?"

थंडीत आवाज स्वच्छ वर येतो. तिला नीट ऐकू आलं. वेलांनी काहीच केलं नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने डोळे पुसले आणि आपोलोनियाचा पुढचा वेल छाटायला घेतला.