पेणला उतरायचं होतं

रोहा-अष्टमी फुटबॉलप्रेमी मंडळाचा अध्यक्ष होणं फारसं अवघड नव्हतं. त्या जागेसाठी हर्षदशिवाय कुणी उभंच राहत नसे. अष्टमीत पुलाजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मंडळाच्या सभा तिथेच, गिऱ्हाईक नसलेल्या वेळात उरकत. क्रिकेट आणि कबड्डीवर पोसलेल्या या मुलखात लोकांनी फुटबॉल पाहायला यावं म्हणून त्याने काय काय केलं नव्हतं. झेंडे शिवून घेतले, ढोल मागून आणला, आणि एक नियम केला. सामना बाहेरगावी असला की समर्थकांनी रेल्वेनेच जायचं, सगळ्यांनी मिळून, झेंडे घेऊन, गाणी म्हणत. परदेशातले समर्थक असेच जातात, हे त्याने टीव्हीवर पाहिलं होतं. ते तिकडे वेळेवर पोचतात का, हे टीव्हीवर दाखवलं नव्हतं.

नियमाचा परिणाम असा झाला की मंडळाने आजवर बाहेरगावच्या एकाही सामन्याचा पूर्वार्ध पाहिला नव्हता.

"तुमचा खेळ अर्ध्या वेळाचाच असतो काय हो?" असं त्याची बायको वैशाली विचारायची. ती चिडवायला विचारते की खरंच, हे हर्षदला कधी कळलं नाही.

यंदा तर अंतिम सामना होता, रोहा विरुद्ध पेण, आणि तोही पेणच्या मैदानावर. संघ आणि संघाचा वस्ताद महिपती टेम्पोने सकाळीच निघून गेले. टेम्पोत समर्थकांना जागा नव्हती.

"एसटीने जा की," वैशाली म्हणाली.

"हायवेचं काम चालू आहे. कुठे अडकू सांगता येत नाही."

"ते काम मनाली बालवाडीत होती तेव्हापासून चालू आहे. एसट्या जातातच ना?"

मनाली आता दहावीला होती आणि शाळेच्या संघात खेळत होती. ती बापाबरोबर निघाली. नियमावर विश्वास होता म्हणून नव्हे, सामना पाहायचा होता म्हणून.

स्टेशनवर मंडळ जमलं, दहा-बाराजण. खिडकीवर तिकिटं काढताना पहिली कुरकुर झाली. पॅसेंजर गाडी तीच, डबे तेच, थांबेही तेच. मधे केव्हातरी तिच्या नावाला एक्सप्रेस लागलं आणि तिकीट वाढलं. धावायची मात्र ती पूर्वीसारखीच. दुसरी कुरकुर गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा झाली तेव्हा झाली. तिसऱ्या घोषणेनंतर कुरकुर थांबली, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नाही. तळकोकणातून येणारी एक लांब पल्ल्याची गाडी काही कामामुळे रोह्यातच थांबवली होती आणि तिच्यातली सगळी माणसं आता या गाडीने पुढे जाणार होती.

ती माणसं सामानासकट उतरली. नारळाची पोती, लग्नातले आहेर, एक शिलाई मशीन, झोपलेली मुलं. पॅसेंजर फलाटाला लागली आणि बघता बघता तिच्या दारांतून हात, पाय, बॅगा सगळं एकदम बाहेर डोकावू लागलं.

मंडळाने त्या दारांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं.

"अध्यक्ष, तुम्ही व्हा पुढं," एकजण म्हणाला. "आम्ही बघतो कसं काय ते."

हर्षद पुढे झाला. मनालीला ढकलून आत घातलं, स्वतः पायरीवर एक पाय टेकवला, आणि मागच्या गर्दीने उरलेलं काम केलं. झेंड्याची काठी मधेच वाकली. गाडी सुटली तेव्हा मंडळ फलाटावर राहिलं होतं आणि हात हलवत होतं.

आत मान वळवायची सोय नव्हती. जरा वेळाने मनालीने बापाच्या शर्टाची बाही ओढली.

"पप्पा, तो बघा. सात नंबर."

हर्षदने पाहिलं. नारळाच्या पोत्यांच्या थप्पीवर गाल टेकून, उभ्या उभ्या, एक तरुण झोपला होता. खांद्यावरच्या पिशवीला फुटबॉलचे बूट नाड्यांनी बांधलेले होते. पेणच्या संघाचा सुशील. खारेपाटातला मुलगा, मिठागरात वाढलेला. गेल्या वर्षी त्याने रोह्यावर दोन गोल चढवले होते आणि त्यानंतर आठवडाभर हर्षद दुकानात कुणाशी धड बोलला नव्हता.

"हा इथे काय करतोय?" हर्षद पुटपुटला.

सुशीलने डोळे न उघडताच उत्तर दिलं. "धाटावला कंपनीत हाय मी. रातची शिफ्ट केली. सकाळी रिलीव्हर आलाच नाय, दुपारपर्यंत ठेवला. पेण आला की हलवा जरा." मग त्याने एक डोळा उघडला, वाकलेला झेंडा पाहिला, हर्षदला ओळखलं, ओशाळं हसला आणि पुन्हा झोपला.

त्या क्षणापासून हर्षदच्या मनात जे सुरू झालं ते मंडळाच्या नियमांत बसणारं नव्हतं. ही गाडी उशिरा पोचली तर पेणचा सात नंबर मैदानात नसेल. आयुष्यभर ज्या गाडीच्या नावाने त्याने बोटं मोडली, ती रेंगाळावी म्हणून तो आता देव पाण्यात ठेवून बसला. नागोठण्याला गाडी उगाच थांबली, तेव्हा त्याला बरं वाटलं. कासूच्या अलीकडे समोरच्या गाडीला वाट द्यायला ती उभी राहिली, तेव्हा डबा चिडला, मुलं रडायला लागली, शिलाई मशीनवाल्या बाईने सरकारचा उद्धार केला.

"सिग्नल नसेल मिळाला," हर्षद शांतपणे म्हणाला. "घाई करून काय होणार आहे?"

मनाली त्याच्याकडे बघतच राहिली.

पेण आलं तेव्हा सामना सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. सुशील कुणी न उठवताच जागा झाला. "चला, चला, उतरायचंय," म्हणत तो दाराकडे सरकू लागला. पण दारातून उतरणारं दुसरं कुणी नव्हतं आणि चढणारे फलाटभर होते. दोन्ही बाजूंनी रेटा आला आणि सगळे जागच्या जागी घट्ट झाले. सुशील आणि दार यांच्यामधे हर्षद होता.

"काका, सरका ना जरा."

हर्षद सरकला नाही. सरकायला जागा नव्हती, हे खरं. पण जागा असती तर आपण सरकलो असतो का, हा विचार त्याच्या मनात आला, आणि तो पुरता होण्याआधीच गाडीने हिसका दिला. पेणचा फलाट मागे जाऊ लागला. सुशीलने कपाळावर हात मारला. हर्षदला क्षणभर सामना जिंकल्यासारखं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की पेणला त्यालाही उतरायचं होतं.

पुढचं स्टेशन हमरापूर. तिथे गर्दीनेच त्यांना बाहेर फेकलं. तिघं फलाटावर उभे राहून श्वास घेत होते, तेवढ्यात मागच्या डब्यातून टीसी उतरला. त्याला बरी जागा मिळाली होती.

"तिकीट पेणपर्यंतचं दिसतंय," तो म्हणाला. "हे हमरापूर."

"पेणला उतरताच आलं नाही हो. तुम्ही पाहिलीत ना गर्दी?"

"गर्दी मी पाहिली. तिकीटही पाहिलं."

दंड भरून झाल्यावर हर्षदने अमोलला फोन लावला. अमोल म्हणजे वैशालीचा भाऊ, शेजारच्या जोह्यात त्याचा गणपतीचा कारखाना होता. तो लगेच स्कूटर घेऊन आला. हातांना अजून मूर्तीचा गुलाबी रंग लागलेला होता.

"बसा भावोजी. पण एकटेच हां. नाक्यावर पोलीस हायत, दुपारीच ट्रिपलसीटवाल्याला धरलाय. तुम्हाला सोडतो नि मनालीला न्यायला परत येतो."

रिक्षा एकही दिसत नव्हती. हर्षदने सुशीलकडे पाहायचं टाळलं आणि स्कूटरवर बसला. मनाली झेंडा घेऊन स्टेशनातल्या बाकावर जाऊन बसली. स्कूटर रस्त्याला लागली तेव्हा हर्षदने मनातल्या मनात हिशेब मांडला. पूर्वार्धाची निदान शेवटची काही मिनिटं तरी बघायला मिळतील. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडणार होतं.

भातखाचरांच्या कडेने रस्ता वळला, आणि वळणापुढे सुशील दिसला. तो धावत होता. पिशवी छातीशी धरली होती, पायांत चपला होत्या, आणि पेण अजून बरंच लांब होतं. रात्रभर आणि वर अर्धा दिवस काम केलेला माणूस जसा धावेल तसाच धावत होता, एक पाय दुसऱ्याला विचारून टाकल्यासारखा. स्कूटर बाजूने गेली तेव्हा त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

हर्षदने थोडा वेळ समोर बघितलं. मग अमोलच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब रे."

"काय झालं?"

हर्षद उतरला. सुशील धापा टाकत जवळ आला तसं त्याला म्हणाला, "बस."

"आणि तुमी?"

"मी येतो मागून."

अमोलने भावोजींना बाजूला घेतलं. "अहो, हा पेणवाला हाय. यानेच गेल्या साली..."

"ठाऊक आहे मला. ने त्याला."

अकराच्या अकरा खेळाडू मैदानात असतील तरच जिंकण्याला अर्थ असतो, असं हर्षद दुकानात शेकडो वेळा म्हणाला होता. पण तो काही त्या तत्त्वासाठी उतरला नव्हता. तासभर आपण गाडी रखडावी म्हणून प्रार्थना करत होतो, याची त्याला लाज वाटली होती, एवढंच. स्कूटर दिसेनाशी झाली आणि तो स्टेशनकडे चालू लागला.

"तुम्ही तर गेला होतात," मनाली म्हणाली.

"सुशीलला दिली जागा."

मनालीने जरा विचार केला. "आता दोन गोल घालेल तो," ती म्हणाली, पण रागावलेली दिसली नाही.

अमोल काही परत आला नाही. सामना पाहण्यात रंगला होता, हे नंतर कळलं. शेवटी जोह्याहून पेणला निघालेल्या एका टेम्पोने बापलेकीला मागे घेतलं. न रंगवलेल्या पांढऱ्या गणपतींच्या मधे, पेंढ्यात बसून, मूर्ती आपटू नयेत म्हणून एकेका मूर्तीला हाताने धरत ते पेणला पोचले. मैदानाच्या फाटकातून आत शिरले आणि शेवटची शिट्टी वाजली.

मैदानात रोहा नाचत होतं. मंडळाचे सगळे सभासद तिथे होते. फलाटावर मागे राहिल्यावर त्यांनी एसटी पकडली होती आणि ते सामना सुरू होण्याआधीच पोचले होते. पूर्वार्ध छान झाला, असं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं.

महिपतीने धावत येऊन हर्षदला मिठीच मारली. साठीचा गडी, पण डोळ्यांत पाणी होतं.

"काय डोकं चालवलंत, अध्यक्ष!"

"मी? मी काय केलं?"

महिपतीने सांगितलं ते असं. सुशील नव्हता म्हणून पेणने त्याच्या जागी एक कॉलेजचा पोरगा उतरवला होता. पूर्वार्धभर त्याने रोह्याला घाम फोडला. दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. मध्यंतराला सुशील पोचला. पेणवाल्यांना वाटलं, आता काय काळजी, आणि त्यांनी त्या पोराला बाहेर बसवून सुशीलला घेतलं. सुशीलचे पाय उचलतच नव्हते. मिळालेली पेनल्टी त्याने शेजारच्या गच्चीवर नेली. शेवटी शेवटी रोह्याने एक गोल केला आणि चषक मिळवला. आणि सुशीलला स्कूटरवर कुणी पाठवलं, हे अमोलने मैदानभर सांगून टाकलं होतं.

"अहो, मी मुद्दाम नाही पाठवला त्याला. तो धावत होता बिचारा."

"व्हय, पळवून पळवून आणखी दमवलात," महिपती कौतुकाने म्हणाला, आणि मंडळ हसलं.

पेणच्या दोन पुढाऱ्यांनी हर्षदला गाठून, हे खिलाडूपणाला शोभत नाही, असं सुनावलं. त्यांनाही त्याने खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे पाहून मान हलवली.

सुशील मैदानाच्या कडेला नळावर पाय धूत होता. हर्षद तिथे गेला.

"आमचे लोक मना बोलतात, तुमी मुद्दाम पाठवलंत," सुशील म्हणाला. "मी बोललो, नाय. कोन ऐकत नाय."

"माझंही कुणी ऐकत नाही." हर्षद नळाच्या कट्ट्यावर टेकला. "झोप झाली असती तर?"

"तर दोन घातले असते."

"घातले असतेस," हर्षद म्हणाला, आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण तसं व्हायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटत होतं.

परतताना संघाने त्याला सोडलं नाही. खेळाडू दाटीवाटीने बसले आणि अध्यक्षांना व मनालीला टेम्पोत मानाची जागा मिळाली. वडखळला वडापाव घेतले. तिथे एका खेळाडूने तो डाव पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा हट्ट धरला.

"अरे, तसं नव्हतं ते," हर्षद म्हणाला. "मी उतरलो, कारण मला..."

सगळे कान देऊन ऐकत होते. चेहरे हसायच्या तयारीत होते. महिपती तर आधीच मान डोलवत होता. मनाली बापाकडे बघत होती. फक्त तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

हर्षदने तिच्याकडे पाहिलं, वडापावचा मोठा घास घेतला आणि पुढचं वाक्य त्याच्याबरोबर गिळून टाकलं.