बाकावरचा गोलकीपर

चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाल्याची शिट्टी झाली तेव्हा पद्माकर कठड्याला इतके रेलून उभे होते की त्यांच्या कोटावर ओल्या लोखंडाचा पट्टा उमटला होता. समोरच्या बाकावर सुयश मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. संघाचा दुसरा गोलकीपर.

रविवारी त्याचा फोन आला होता. "बाबा, वेन्सडेला मँचेस्टरला लॅक्रॉसची फायनल आहे. युनिव्हर्सिटीजची. तुम्ही येणार?"

तीन वर्षांत पद्माकरांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. लेस्टरच्या हॉस्पिटलात कधी ते ऑन-कॉल असत, कधी कुणाच्या तरी बदली उभे राहत. या वेळी त्यांनी ड्यूटी बदलून घेतली. वाटेत मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला गाडी थांबवून फोनवर खेळाचे नियम वाचले: जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा, गोल करायचा.

शेजारी एक इंग्रज बाई उभी होती. सुयशच्या संघाकडून गोलमध्ये खेळत होता तो तिचा मुलगा.

"तुमचा कुठला?" तिने विचारलं.

"तो, बाकावरचा."

"ओह," ती म्हणाली आणि थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांच्यापुढे केला.

सात मिनिटं उरली होती. स्कोअर आठ-आठ. समोरून आलेला चेंडू तिच्या मुलाच्या अंगठ्यावर बसला. जाळीची काठी टाकून तो गुडघ्यांवर कोसळला. बाकावर सुयश उठला, त्याने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. पद्माकरांनी कप दोन्ही हातांत घट्ट धरला. उठू नकोस, कोसळलेल्या मुलाकडे बघत ते पुटपुटले. मराठीत. मग कुणी ऐकलं का, म्हणून शेजारी पाहिलं.

तीस वर्षं ते मोडलेली हाडं जोडत आले होते.

मुलाने हात झटकला. बोटं मिटली, उघडली. काठी उचलून तो पुन्हा गोलमध्ये उभा राहिला. सुयशने हेल्मेट काढलं आणि टाळ्या वाजवल्या.

"अंगठा हलतोय. फ्रॅक्चर नसावं," पद्माकर त्या बाईला म्हणाले. "मी ऑर्थोपीडिक सर्जन आहे."

"थँक यू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. त्यांनी कप परत केला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

सुयशचा संघ एका गोलने जिंकला. फोटो काढून झाल्यावर तो कठड्यापाशी आला. गळ्यात पदक होतं. गुडघ्यांना चिखलाचा एक डागही नव्हता.

"कोचने तुला पाच मिनिटं तरी द्यायला हवी होती," पद्माकर म्हणाले.

"नाही बाबा. टीम तर फ्रायडेलाच ठरला होता. मला माहीत होता, मी खेळणार नाही."

"मग रविवारी बोलला का नाहीस?"

सुयश हातातल्या काठीच्या जाळीत बोटं फिरवत राहिला. "सांगितला असता तर तुम्ही आले नसते."

पद्माकरांनी विचारलं, "पुढचा सामना कधी आहे?"

"हाच लास्ट होता. मी फायनल इयरला आहे ना."

मैदान रिकामं होत होतं. दूरच्या टोकाला कुणीतरी गोलची जाळी सोडवत होतं. पद्माकरांनी कोट काढून कठड्यावर टाकला, फाटकातून आत आले आणि त्या लांब काठीसाठी हात पुढे केला.

"कशी धरायची ही?"

सुयशने त्यांचा उजवा हात धरून थोडा वर सरकवला. मग गवतात पडलेला एक चेंडू उचलून तो दहा पावलं मागे गेला.