चुड्यांना बांधलेली पट्टी

“सिस्टर, हा बाजार आधी बाहीर काढा,” दवाखान्याचा म्हातारा शिपाई जळबा कुजबुजला.

बाजार म्हणजे सेनगावकडच्या तांड्यावरून आलेली भिकाबाई. मनगटापासून दंडापर्यंत चुडे, वेणीला घुंगरं. ती नुसती शिंकली तरी सिद्धेश्वरच्या धरणावरचे बगळे उडतात, असं जळबाचं म्हणणं. आणि जळबा एरवी निम्मंच खोटं बोलायचा.

पण आत, खिडकीला काळं कांबळं लावलेल्या खोलीत, तिचा नवरा लालसिंग कमानीसारखा ताणला होता. तुरीचा खुंट पायात घुसून धनुर्वात झालेला. जरा उजेड पडला, आवाज झाला की झटका, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकला की माणूस संपला. म्हणून केशरबाई सिस्टर चार दिवस अनवाणी वावरत होत्या. इतक्या हलक्या, की दवाखान्याचं मांजर दोनदा त्यांच्या पायाखाली आलं आणि दोन्ही वेळा मांजरच ओशाळलं. हात लावण्याआधी त्या लालसिंगच्या कानाशी सांगत, “दादा, आता सुई टोचते.” जबडा मिटलेला, पण शुद्ध शाबूत. तो पापण्या मिटून ‘व्हय’ म्हणे.

आज भिकाबाई दारात आली, चुडे वाजले आणि लालसिंगचे दात करकरले. जळबानं तिला व्हरांड्यात नेलं.

“उतरव ते समदं. मंग बस नवऱ्यापाशी.”

“घुंगरं काढते, दादा. चुडे न्हाई.” तिनं दंड घट्ट धरला. “हे नवरा मेल्यावर उतरतेत. तो जित्ता हाय, कसे काढू?”

“मंग बस इथंच.”

“बसते. पर त्याचे डोळे मला धुंडून राहिले, त्याचं काय?”

ते केशरबाईंनीही पाहिलं होतं. त्या कपाटातून कापूस आणि पट्ट्या घेऊन आल्या, भिकाबाईसमोर मांडी घालून बसल्या आणि एकेका चुड्याला कापूस लावून पट्टी गुंडाळू लागल्या. दोन तास गेले.

“पेशंट नेमका कोन हाय, सिस्टर?” जळबानं टोमणा मारला.

“दोघं बी. हे टोक धर.”

त्यानंतर भिकाबाई सावलीसारखी आत गेली आणि नवऱ्याचा हात धरून बसली. तिच्यामुळे एकही झटका आला नाही. लालसिंगची नजर दारावरून हलली ती तिच्यावर थांबली.

सातव्या दुपारी त्याची छाती भरली. नाडी हाताला लागेना. डॉक्टरांनी मान हलवली. झटका यायलाही अंगात ताकद उरली नव्हती.

केशरबाई त्याच्या कानाशी वाकल्या. “दादा, आता हिच्या पट्ट्या सोडते.”

पापण्या मिटल्या, उघडल्या.

एका हाताच्या पट्ट्या सुटल्या. “भिकाबाई, वाजवा.”

तिनं हात हळूच हलवला. चुड्यावर चुडा किणकिणला. लालसिंगनं पुन्हा पापण्या मिटल्या. ‘व्हय’ म्हणाला असावा. मग त्या उघडल्या नाहीत.

महिन्याभरानं केशरबाई औषधांच्या कपाटाशी उभ्या होत्या. मागं कुणी आहे हे त्यांना कळलंच नाही. वळल्या तर भिकाबाई. हातात धुऊन, वाळवून, नीट गुंडाळलेल्या पट्ट्या.

“तुमच्या हाईत, बाई. कोनाला तरी लागतील.”

तिनं हात पुढे केला. मनगटात एकच कडं. दंडावर, जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथं चुड्यांचे फिकट वळ.

केशरबाईंनी पट्ट्या दोन्ही हातांनी घेतल्या. भिकाबाई आली तशीच गेली. उंबऱ्यावरचं मांजर झोपूनच राहिलं.